लाकूड कुठलं ते सगळे विचारतात, फळी ओंडक्यात कुठून काढली ते कोण विचारतं?

रंधा_पटाशी (गुहागर)

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे लाकडावर बोलणं संपत नाही. चौकटीला साग की ऐन, दाराला फणस चालेल का, शिवण घातली तर कीड लागेल का. हे सगळं विचारायलाच हवं. पण माझ्या धंद्यात रोज दिसणारी गोष्ट अशी की एकाच सागाच्या ओंडक्यातली दोन दारं असतात, एकाच सुताराने केलेली, एकाच घरात बसवलेली. आषाढात एक दार खांदा लावून उघडावं लागतं आणि दुसरं बोटाने ढकललं तरी मिटतं. झाड तेच, हात तेच. फरक असतो तो फळी ओंडक्याच्या कुठल्या भागातून आणि कुठल्या दिशेने चिरली याचा. हा निर्णय लाकडाच्या गिरणीवर ओंडक्याची ट्रॉली हलायच्या आधी होतो आणि बहुतेक वेळा तो कोणीच घेत नाही, आपोआप होऊन जातो. म्हणून हा धागा.

ओंडक्याचं कापलेलं तोंड डोळ्यांसमोर आणा. अगदी मधे ठिपका, म्हणजे भेंड. त्याभोवती वर्षवलयं. लाकूड तीन दिशांना तीन तऱ्हांनी आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, ०.१ ते ०.२ टक्के. भेंडाकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत मध्यम. आणि वलयांच्या गोलाईने सर्वांत जास्त, मधल्या दिशेच्या साधारण दुप्पट. सागाचे आकडे बघा: ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत भेंड-साल दिशेत सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेत सुमारे ५.८ टक्के. आणि साग तर कमी हलणारं लाकूड समजलं जातं.

असं का होतं? लाकडात भेंडाकडून सालीकडे जाणारे बारीक पेशींचे पट्टे असतात, त्यांना किरण म्हणतात. ते त्या दिशेचं आकसणं धरून ठेवतात. गोलाईच्या दिशेत असं धरून ठेवणारं काही नसतं.

आता फळी. तिच्या टोकाकडे बघितलं की वलयं तीनपैकी एका तऱ्हेने दिसतात. रुंदीला समांतर, आडवी पडलेली असतील तर ती आडव्या वलयांची फळी. प्लायच्या दुकानात हिलाच क्राउन कट म्हणतात, कारण फळीच्या रुंद तोंडावर डोंगरासारखी नक्षी येते. वलयं जाडीत उभी असतील, म्हणजे रुंद तोंडाशी ६० ते ९० अंशांत, तर ती क्वार्टर कट, तोंडावर सरळ रेघा. या दोन्हींच्या मधली, ३० ते ६० अंशांतली, तिरपी.

आडव्या वलयांच्या फळीची रुंदी म्हणजे जास्त आकसणारी दिशा. उभ्या वलयांच्या फळीची रुंदी म्हणजे कमी आकसणारी. जास्त आकसणारी दिशा तिच्या जाडीत जाते आणि इंचभर जाडीत त्याने काही बिघडत नाही.

आपल्या हवेत याचा हिशेब करून बघा. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर अनेक आठवडे राहते. उघड्या पडवीतल्या लाकडात तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. माघ-फाल्गुनात ते १२ च्या आसपास उतरतं. या सहा टक्क्यांत एक फुटी सागाची आडव्या वलयांची फळी साडेतीन ते चार मिलिमीटर हलते, उभ्या वलयांची जेमतेम दीड. तीन फुटी सलग फळ्यांचं दार घेतलं तर एकीकडे ११ मिलिमीटर, दुसरीकडे ५. चौकटीत आपण सोडतो किती? दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा. दार का अडकतं ते यात आलं.

शिवाय आडव्या वलयांची फळी नुसती रुंदीत हलत नाही, ती द्रोणासारखी वळते. सुकताना सालीकडचं तोंड जास्त आकसतं, कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात.

म्हणून सांगणं एवढंच की दाराच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, खिडकीची पाखं, चौकट, जिन्याच्या पायऱ्या ही कामं मनात धरून ओंडका चिरून घ्या. बाकीचे अनुभव आणि प्रश्न खाली लिहा.

अबोली (दापोली)

खूप दिवसांपासून असं काहीतरी वाचायचं होतं. आमच्याकडे निसर्ग वादळात (३ जून २०२०) परड्यातली मोठी झाडं आडवी झाली. तेव्हा जे मिळेल त्या भावात लाकूड गेलं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. आता एक जुना फणस काढावा लागणार आहे, घराच्या भिंतीला मुळं भिडली आहेत. बुंध्याचा घेर साधारण साडेपाच फूट. याच्या फळ्या घरातच वापरायच्या आहेत.

प्रश्न असा: सागाच्या तोंडावर वलयं स्पष्ट दिसतात. फणसाच्या फांदीचं तोंड बघितलं, तर पिवळाधमक गाभा आणि बाहेर फिकट कडा, एवढंच. वलयं दिसतच नाहीत. मग उभी-आडवी कशी ओळखायची?

रंधा_पटाशी

अबोलीताई, प्रश्न अगदी कामाचा. साग उन्हाळ्यात पानं गाळतो, वाढ थांबते, पुन्हा सुरू होते, म्हणून त्याची वलयं ठसठशीत. फणस आणि आंबा सदाहरित, त्यांच्यात ती पुसट असतात. पण दिशा ओळखायला वलयं मोजायची गरज नाही. दोन गोष्टी पुरतात, भेंड कुठे आहे आणि साल कुठे आहे. भेंडापासून सालीकडे काढलेली कुठलीही सरळ रेघ ही कमी आकसणारी दिशा. त्या रेघेला समांतर फळीची रुंदी आली की ती उभ्या वलयांची फळी.

तोंड धारदार पटाशीने बोटभर तासून गुळगुळीत करा आणि ओल्या फडक्याने पुसा. उन्हात धरून बघितलं तर भेंडाकडून बाहेर जाणाऱ्या फिकट बारीक रेषा दिसतात, ते किरण. साधं भिंग असेल तर आणखी छान.

फणसाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्याचे तंतू एका थरात उजवीकडे झुकलेले, पुढच्या थरात डावीकडे, असे गुंतलेले असतात. उभ्या वलयांची फळी काढली की तोंडावर उजळ-गडद पट्टे येतात, फळी हलवली की गडद पट्टा उजळ होतो आणि उजळ गडद. दिसायला फारच सुंदर. पण रंधा मारताना एका पट्ट्यात तो लोण्यासारखा सरकतो आणि शेजारच्याच पट्ट्यात लाकूड उचकटतं, बारीक खड्डे पडतात. तिथे पातं ताजं लावलेलं हवं, छिलका कागदाइतका पातळ हवा, रंधा जरा तिरका धरायचा आणि शेवट पॉलिश कागदावर करायचा. सुताराला हे आधी सांगा, म्हणजे तो वेळ धरून चालेल.

वखारवाला (चिपळूण परिसर)

धागा चांगला आहे. गिरणीवाल्याची बाजूही मांडतो, कारण ग्राहकांना वाटतं आम्ही मुद्दाम करत नाही.

ओंडका ट्रॉलीवर चढवला की सर्वांत सोपं म्हणजे सरळ चिरत जाणं. एका कडेने सुरुवात, फळीमागून फळी, दुसऱ्या कडेला संपलं. ओंडका फिरवायचा नाही, वाया कमी, वेळ कमी. क्वार्टर कट करायचा तर आधी ओंडक्याच्या चार फाका, मग प्रत्येक फाक ट्रॉलीवर धरून एकदा या तोंडाने एकदा त्या तोंडाने फळी. फाक नीट बसत नाही, पाचर लावावी लागते, दर दोन फळ्यांनी फिरवावी लागते. त्रिकोणी तुकडे उरतात. मजुरी वाढते आणि फळ्या अरुंद येतात.

अरुंद म्हणजे किती तेही ऐका. ४८ इंच घेराचा ओंडका म्हणजे व्यास सव्वापंधरा इंच. भेंडापासून सालीपर्यंत साडेसात. त्यातून मधलं भेंड आणि बाहेरचं पांढरं लाकूड वजा केलं की पाच-साडेपाच इंची फळी हातात येते. लोकांना हवी असते फूटभर रुंद.

घनफुटाचं पण सांगतो, गैरसमज फार आहेत. आपल्याकडे ओंडका मोजतात तो घेराचा चौथा भाग गुणिले तोच, गुणिले लांबी. ४८ इंच घेर, १० फूट लांबी: १२ गुणिले १२ गुणिले १० भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. ओंडक्याचं खरं घनफळ १२.७ च्या आसपास भरतं. या मापात साधारण २१ टक्के आधीच सोडलेले असतात, सालीचे, कडांचे आणि करवतीच्या भुशाचे.

रंधा_पटाशी

वखारवाले दादा, तुमचं पटतं. पूर्ण क्वार्टर कट मी घरगुती कामाला कधीच सुचवत नाही. सरळ चिरण्यातच अर्ध काम होतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते ठरवावं लागतं.

सरळ चिरलेल्या ओंडक्यात कडेच्या फळ्या आडव्या वलयांच्या येतात, मग तिरप्या आणि भेंडाच्या दोन्ही अंगांच्या दोन-तीन फळ्या पूर्ण उभ्या. त्या फळ्या मधून उभ्या फाडायच्या, भेंडाची इंच-दीड इंचाची पट्टी काढून टाकायची. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंची उभ्या वलयांच्या पट्ट्या मिळाल्या. दाराची उभी पट्टी किती रुंद असते? चार ते पाच इंच. म्हणजे जे हवं तेवढंच मिळालं. कडेच्या रुंद फळ्या दिल्ह्यांना, म्हणजे दाराच्या पट्ट्यांच्या चौकोनात बसणाऱ्या फळ्यांना, वापरायच्या. दिल्हा खोबणीत सुटा बसतो, त्याला हलायला जागा असते, म्हणून तिथे क्राउन कट चालतो आणि नक्षीही दिसते. दिल्ह्याला कडेने फेव्हिकॉल लावायचं नाही एवढं मात्र पाळा. लावलं की पावसाळ्यात चौकोनाचे सांधे उघडतात नाहीतर फाल्गुनात दिल्हा मधे चिरतो.

भेंडाची पट्टी वाचवू नका. तिथलं लाकूड झाडाच्या कोवळ्या वयातलं, ते चिरणारच. भेंड सगळ्या बाजूंनी आत ठेवून अख्खा खांब केला तर गोष्ट वेगळी. खांबाला एक सरळ चीर पडते, पण तो सरळ उभा राहतो.

चौरस लाकडाचं राहिलं. चौकटीचे तीन-चार इंची चौरस निघताना वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी गेली तर सुकल्यावर चौरसाचा शंकरपाळा होतो. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला की एका कोपऱ्यात उजेड दिसतो. वलयं बाजूंना समांतर असली तर चौरसाचा फार तर किंचित आयत होतो, काटकोन टिकतात.

दर्यावर्दी (मालवण)

आमच्या घरात होडी बांधण्याचं काम होतं, म्हणून यात बोलतो. फळीच्या वलयांइतकीच तंतूची दिशा महत्त्वाची. होडीच्या बरगड्या सरळ लाकडातून गोल कापत नाहीत. गोल कापलं की तंतू मधेच तुटतात आणि पहिल्या आपटीला तिथेच मोडतं. म्हणून जुने लोक रानात झाड बघायला जायचे ते वाकाच्या फांद्या शोधत. ज्या फांदीचा बाक बरगडीच्या बाकाशी जुळेल ती खूण करून ठेवायची. तंतू फांदीबरोबर वळलेले असतात, तुटत नाहीत. नांगराच्या बाकदार लाकडाचंही हेच.

किनाऱ्यावरची उंडी या कामाला उत्तम. वाऱ्याने वाकलेली झाडं, खाऱ्या हवेची सवय. बाजूच्या फळ्यांना साग, आणि परवडत नसेल तिथे आंबा.

फळ्यांच्या बाबतीत वर लिहिलंय तेच आमच्याकडेही. फळ्यांच्या फटीत कापूस ठासलेला असतो, होडी पाण्यात गेली की फळ्या फुगून तो आवळतात. उभ्या वलयांची फळी मापात फुगते. आडव्या वलयांची दुप्पट फुगते, आणि उन्हाळ्यात होडी वाळूवर ओढून ठेवली की तितकीच आकसते, मग फटी उघडतात. आता बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्या, हे बघणारे डोळे कमी होत चाललेत.

आंब्याबद्दल आमच्याकडचे म्हातारे सांगत: "आंब्याचो ओंडो पावसात ठेवलास तर कुसान जातलो." अगदी खरं. आंबा पाडला की लगेच चिरायचा.

मास्तर

दर्यावर्दींनी तंतूचा मुद्दा काढला, त्याला आकड्यांची जोड देतो. फळी किंवा वासा चिरताना तंतू त्याच्या लांबीला समांतर राहिले तर पूर्ण ताकद मिळते. तंतू दहाला एक इतके तिरके गेले, म्हणजे दहा इंच लांबीत एक इंच सरकले, तर वाकवण्याची ताकद सुमारे ८१ टक्के उरते. पाचाला एक तिरके गेले तर ५५ टक्के. वाशाला आणि तुळईला हे बघितलंच पाहिजे.

तिरकेपणा दोन वाटांनी येतो. एक, ओंडका बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. करवत मधल्या रेघेला समांतर चालवली तर कडेच्या फळ्यांत तंतू तिरके कापले जातात. सालीला समांतर चालवली तर तंतू अखंड राहतात, निमुळतेपणा सगळा मधे जातो, आणि मधलं भेंड तर टाकायचंच असतं. दोन, काही झाडं वाढतानाच पिळलेली असतात. साल काढलेला ओंडका थोडा सुकू द्या. बारीक चिरा सरळ लांबीत गेल्या तर तंतू सरळ, दोरीच्या पिळासारख्या फिरत गेल्या तर झाड पिळलेलं. अशा ओंडक्याच्या लांब फळ्या काढू नयेत, त्या पिळणारच. आखूड कामाला घ्यावा.

माडाची_सावली (श्रीवर्धन)

वादळात आमचे माड फार गेले. माडाचं लाकूड चिरून वापरता येतं असं ऐकतो. त्यालाही हेच नियम का?

रंधा_पटाशी

नाही, माडाचं गणितच वेगळं. माड आणि पोफळ ही झाडं गवताच्या बाजूची, त्यांना वर्षवलयं नाहीत, किरण नाहीत, मधे वेगळं भेंड नाही. त्यामुळे उभी-आडवी हा प्रश्नच येत नाही. तिथे बघायचं ते कडक कुठे आणि मऊ कुठे. बाहेरचा भाग सर्वांत जड आणि कडक, आत जावं तसं हलकं आणि भुसभुशीत. खालच्या बुंध्याचं चांगलं, शेंड्याकडचं कमकुवत. म्हणून माड सरळ चिरत जाऊ नये. चारी बाजूंनी बाहेरून एकेक फळी काढावी, ओंडका फिरवत, आणि मधला मऊ गाभा सोडून द्यावा. तोंडावर काळपट ठिपके दाट दिसतील तो भाग वाशाला आणि पट्ट्यांना चालतो. ठिपके विरळ झाले की थांबा.

करवतीचं पातं माडात लवकर बोथटतं, गिरणीवाला कुरकुर करेल. ती रास्त आहे, मजुरी वाढवून द्यावी.

वखारवाला

माडाला खरंच पातं मधेच बदलावं लागतं. पुष्टी देतो.

आणि एक विचारतो, अकेशियाचं काय करायचं? रस्त्याकडेची, सड्यावरची ती ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर येते. चिरताना ओंडका पात्याला आवळून धरतो आणि फळी सुटली की धनुष्यासारखी उडी मारते.

मास्तर

झाड उभं असताना त्याच्या खोडात ताण साठलेला असतो, बाहेरचा भाग लांबीत ताणलेला, आतला दाबलेला. करवत गेली की हे संतुलन सुटतं. अकेशिया आणि निलगिरीत हा ताण फार. झाड वाऱ्याने किंवा उतारावर कललेलं असेल तर आणखी भर पडते. पानगळी-सदाहरित मोठ्या पानांच्या झाडांत कलाच्या वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार होतं, ते लांबीतही आकसतं, एरवी लाकूड जे करत नाही. कापलेलं तोंड लोकरीसारखं फुसफुशीत दिसलं की ते समजावं.

ओंडक्याचं तोंड बघून कललेलं झाड ओळखता येतं: भेंड मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. असा ओंडका एका बाजूने सरळ चिरत जाऊ नये. एक फळी या बाजूने, ओंडका फिरवून एक समोरच्या बाजूने, असं आलटून पालटून घ्यावं, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा सुटतो. आणि लांबी कमी करून घ्यावी. दहा फुटांत दिसणारा बाक पाच फुटांत चौथाईच उरतो.

प्राजक्त (ठाणे, गाव राजापूर)

माझा प्रश्न झोपाळ्याचा. गावच्या घरी पडवीत झोपाळा लावायचा आहे, सहा फूट बाय दोन फूट. एकच सलग रुंद फळी हवी अशी आईची इच्छा. सागाची मिळतेय, पण ती अर्थातच आडव्या वलयांची. वरचं तोंड कुठलं ठेवायचं, गाभ्याकडचं की सालीकडचं? दोन सुतारांनी दोन उत्तरं दिली.

रंधा_पटाशी

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण उत्तर झोपाळा कुठल्या महिन्यात केला यावर आहे.

फळी ओली असताना काम केलं तर पुढे ती सुकत जाणार. सुकताना सालीकडचं तोंड खोलगट होतं, गाभ्याकडचं फुगीर. फळी चैत्र-वैशाखात कोरडी करून बसवली तर पुढचा बदल उलटा: पावसाळ्यात ती पाणी घेते, सालीकडचं तोंड जास्त फुगतं, आणि आता गाभ्याकडचं तोंड खोलगट होतं.

झोपाळ्याला वरचं तोंड किंचित फुगीर झालेलं चालतं, खोलगट झालं की कडा मांडीला लागतात. आपल्याकडे मिळणारी दोन इंची रुंद फळी आतून क्वचितच सुकलेली असते, म्हणून मी गाभ्याकडचं तोंड वर ठेवतो. याला एक तोटा मात्र आहे. क्राउन कटमध्ये सालीकडचं तोंड वर ठेवलं तर आकसताना डोंगराच्या टोकापाशी वलयाची ढलपी सुटून वर येण्याची भीती कमी, आणि गाभ्याकडचं वर ठेवलं तर ती जरा जास्त. म्हणून वरच्या तोंडावर हात फिरवत राहा, ढलपी उचलायला लागली की लगेच पॉलिश कागद मारा.

पण खरा बंदोबस्त खालून होतो. फळीच्या खाली रुंदीत तीन जाड आडव्या पट्ट्या लावा. मधला स्क्रू घट्ट, कडेचे स्क्रू लांबट भोकांत, वायसर घालून. दोन फुटांत वर्षभरात सात-आठ मिलिमीटर हालचाल होणार, ती भोकात जिरू द्या. पट्टी गोंदाने चिकटवली तर फळी मधे फुटेल.

आईंची हरकत नसेल तर दुसरा उपाय: तीच फळी मधून फाडा, भेंडाजवळची पट्टी काढा, पुन्हा जोडा. एकाच ओंडक्याची नक्षी असल्याने सांधा शोधावा लागतो.

प्राजक्त

मनापासून आभार. फळी न फाडता आडव्या पट्ट्यांचा मार्ग घेते. लांबट भोकांचं कोणी सांगितलंच नव्हतं.

अबोली

रंधादादा, फणस दिवाळीनंतर काढायचा ठरतोय. सुकवण्याबद्दल लिहाल का? आमच्याकडे पूर्वी लाकडं तळ्यात बुडवून ठेवत, ते करावं का?

रंधा_पटाशी

दिवाळीनंतरचा काळ उत्तम. पाऊस गेलेला, पहाटेचे मतलई वारे कोरडे, आणि ऊन अजून भाजणारं नाही.

ओंडका पाडल्या दिवशीच दोन्ही तोंडांना जाड ऑइल पेंट किंवा मेण चोपडा. तोंडाकडून पाणी बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने जातं, म्हणून चिरा तिथून सुरू होतात. तळ्यात बुडवल्याने लाकडातली साखर आणि पिठूळपणा उतरतो, भुसा पाडणारा किडा कमी लागतो. बांबूला आणि वाशांना ते चांगलं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मात्र ठेवू नका, तिथली लाकूड पोखरणारी कीड वेगळी आणि फार वाईट. फणसाचा पिवळा गाभा मुळातच टिकाऊ आहे, त्याला बुडवायची गरज नाही. फिकट कडा वापरायचीच असेल तर ताज्या चिरलेल्या फळीला बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं पाणी द्या. ते पावसात धुऊन जातं, म्हणून घरातल्याच कामाला.

चिरल्यावर फळ्या जमिनीपासून हातभर उंच, छपराखाली, भिंतीला न टेकवता रचा. दर दोन फुटांवर एक इंच जाड सुकी रीप आणि रिपा बरोबर एकाखाली एक. एक जरी रीप सरकली तरी फळीला तिथे कायमचा बाक येतो. वर सगळ्यात जड फळ्या किंवा चिरे ठेवा. उभ्या वलयांच्या फळ्या जरा सावकाश सुकतात, त्या वेगळ्या रचा म्हणजे आडव्यांबरोबर घाईने उतरणार नाहीत. इंचभर जाड फळीला वर्ष धरा, मधला पावसाळा जवळपास फुकट जातो.

सुकली का हे बघायला मशीन नसेल तर फळीच्या आतल्या भागातून एक तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. गेलेलं पाणी भागिले सुकलेल्या तुकड्याचं वजन, गुणिले शंभर. १४ च्या खाली आलं की कामाला घ्या.

मास्तर

अबोलीताई, कुऱ्हाड लावायच्या आधी एक करा. फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, खैर ही झाडं खासगी जागेतली असली तरी १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात येतात. वनविभागाकडे अर्ज करा, आणि लाकूड गिरणीवर न्यायला वाहतूक परवाना वेगळा लागतो का तेही तिथेच विचारून घ्या.

अबोली

हो, अर्ज दिलाय. शेवटचा प्रश्न. गिरणीवर नेमकं काय सांगू?

रंधा_पटाशी

काही सांगत बसू नका, खूण करून न्या. साडेपाच फूट घेर म्हणजे व्यास एकवीस इंच, भरपूर लाकूड आहे. घरी बसून आधी यादी करा: दाराच्या पट्ट्या किती, दिल्हे किती, कपाटाच्या फळ्या किती, जाडी प्रत्येकाची. प्रत्येक जाडीत एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त धरा, सुकण्यात आणि रंध्यात जातं.

मग दोन्ही तोंडांवर भेंडातून जाणारी एक रेघ गेरूने मारा. तोंडावर एखादी मोठी चीर भेंडातून आधीच पडलेली असेल तर रेघ त्या चिरेवरूनच घ्या, म्हणजे चीर रेघेवरच्या कापातच जाईल आणि बाकीच्या फळ्या अखंड निघतील. ओंडका ट्रॉलीवर असा बसवायला सांगा की ही रेघ पात्याला समांतर राहील. रेघेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फळ्या सव्वा इंची, त्यांच्यावर खडूने "दार" लिहा. त्यापलीकडच्या इंची, त्यांच्यावर "दिल्हा" आणि "कपाट". फळी सुटली की लगेच लिहायचं. ढिगात गेल्यावर कुठली मधली आणि कुठली कडेची ते शोधत बसावं लागतं.

वखारवाला

अशी खूण करून आणलेला ओंडका आम्हालाही आवडतो. सकाळी लवकर या, पातं ताजं लावलेलं असतं, फणसाला तेच हवं. आणि बुंध्यात जुना खिळा किंवा कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा गेलेला असेल तर आधी सांगा. परड्यातल्या झाडात तो असतोच.